केपहून कॅलिफोर्नियाला : आइस प्लांटच्या गालिच्याचा इतिहास

पानांत किंवा खोडात पाणी साठवणाऱ्या आणि जमिनीलगत पसरत जाऊन ती पुरती झाकून टाकणाऱ्या वनस्पतींना उद्यानशास्त्रात मांसल भूआच्छादक वनस्पती म्हणतात. महाराष्ट्रातील वाचकाला या वर्गातील निदान दोन वनस्पती घरच्या आहेत : ऊन चढताच कुंड्यांतून आणि वाफ्यांच्या कडेने फुलणारा चिनी गुलाब, आणि त्याचीच सख्खी नातलग असलेली, पण फुलांपेक्षा भाजीसाठी ओळखली जाणारी घोळ. पाणी थोडे, खत नाही, खुरपणी जवळजवळ नाही, अशी या वर्गाची आजची ख्याती असून कोरड्या प्रदेशांतील बागकामाविषयीच्या लेखनात ती बहुधा गृहीतच धरलेली असते. ही ख्याती मात्र फार जुनी नाही. या वर्गात जगभर मोठ्या प्रमाणावर लावला गेलेला एक गट म्हणजे दक्षिण आफ्रिकेतील आइस प्लांटचा गट होय, आणि त्याचा गेल्या साडेतीनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर निगा कधीच नाहीशी झालेली दिसत नाही. ती कधी एका खंडातून दुसऱ्या खंडात, कधी एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे, तर कधी मालकाकडून सरकारी खात्याकडे सरकत गेलेली दिसते.

आइस प्लांट हे एका जातीचे नाव नसून ऐझोएसी या कुलातील अनेक जातींना लावले जाणारे व्यवहारातील नाव आहे. या कुलातील एका जातीच्या पानांवर पाण्याने भरलेल्या फुगीर पेशी असतात आणि उन्हात त्या बर्फाच्या कणांसारख्या चमकतात, त्यावरून हे नाव रूढ झाले व पुढे साऱ्या आप्तांना चिकटले. कुलातील बहुसंख्य जाती आफ्रिकेच्या नैर्ऋत्य टोकाला, केप प्रदेश आणि त्याच्या उत्तरेकडील नामाक्वालँड या पट्ट्यात आढळतात. तेथे पाऊस थोडा पडतो, पण तो हिवाळ्यात आणि बऱ्यापैकी भरवशाने पडतो, तर उन्हाळा कोरडा जातो. या पट्ट्यात आइस प्लांटच्या कुलाने जो विस्तार केला तो वनस्पतींच्या इतिहासात असाधारण मानला जातो. २००४ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कुलाच्या एका शाखेतील १,५६३ जाती अवघ्या ३८ ते ८७ लाख वर्षांत उत्पन्न झाल्या. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, ती अशी की ‘दुष्काळ सोसणारी वनस्पती’ हा शब्दप्रयोग अर्धवट आहे. हिवाळी पावसाला सरावलेली वनस्पती कोरडा उन्हाळा काढते, पण उष्ण दिवसांत सतत भिजत राहिली तर तिची मुळे कुजतात. म्हणूनच आइस प्लांटच्या बहुतेक जाती कोकणाच्या किंवा घाटमाथ्याच्या पावसाळ्यात तग धरत नाहीत, तर दक्षिण अमेरिकेतून आलेला चिनी गुलाब येथे सहज रुळला.

कोरडेपणा सोसण्यामागची शरीरक्रिया समजू लागली ती मात्र भारतात केलेल्या एका निरीक्षणातून. सर्वसाधारण वनस्पती दिवसा पानांवरील सूक्ष्म छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, उघडून हवेतील कार्बन डायऑक्साइड घेते आणि त्या व्यवहारात बरेच पाणी वाफेच्या रूपाने गमावते. पुष्कळ मांसल वनस्पती हा व्यवहार रात्री करतात. रात्रीच्या गारव्यात रंध्रे उघडून घेतलेला वायू त्या मॅलिक आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रे मिटून घेऊन, साठ्यातील वायू वापरून, प्रकाशसंश्लेषण उरकतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हेन यांनी पानफुटीची पाने दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी चाखून पाहिली, तेव्हा ती सकाळी आंबट, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे कडवट लागतात असे त्यांना आढळले व हे निरीक्षण लंडनच्या लिनियन सोसायटीच्या वृत्तांतात १८१५ साली छापले गेले. पानफुटी स्वतः मादागास्करहून आलेली आणि आइस प्लांटशी तिचे जवळचे नाते नाही; तरीही बर्फकणांसारख्या पेशींची ती मूळ जाती, मेसेम्ब्रिएन्थेमम क्रिस्टॅलिनम, याच यंत्रणेच्या अभ्यासात पुढे आदर्श नमुना ठरली, कारण एरवी दिवसा श्वास घेणारी ही वनस्पती जमिनीत क्षार वाढले किंवा पाणी तुटले की रात्रीच्या पद्धतीकडे वळते, हे १९७० च्या दशकात दाखवून देण्यात आले.

युरोपीयांच्या कितीतरी आधी केपच्या खोइखोइ लोकांना या वनस्पतींचा उपयोग ठाऊक होता. कार्पोब्रोटस एड्युलिस या जाड, तिधारी पानांच्या पसरट जातीचे आंबटगोड फळ खाल्ले जाई, तर पानांचा तुरट रस जखमांवर आणि घशाच्या विकारांवर वापरला जाई. त्याच फळाचा मुरंबा केपमध्ये आजही घातला जातो. १६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने केपला ठाणे वसवले ते तिच्या जहाजांना भाजी, पाणी आणि मांस पुरवण्यासाठी, परंतु पूर्वेकडे जाणारा प्रत्येक वैद्य वा वनस्पतिवेत्ता तेथे उतरू लागल्यामुळे हे ठाणे नकळत वनस्पतींच्या निर्यातीचेही बंदर झाले. श्रीलंकेला निघालेल्या पॉल हेरमान यांनी १६७२ साली तेथे संग्रह केला आणि पुढे ते लायडनच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख झाले. १६८५-८६ मध्ये केपचे प्रमुख सिमॉन फान डेर स्टेल यांनी तांब्याच्या शोधात नामाक्वालँडपर्यंत नेलेल्या मोहिमेत हेंड्रिक क्लॉडियस या चित्रकाराने वाटेतील वनस्पतींची चित्रे काढली. तांबे सापडले, पण ते किनाऱ्यापर्यंत आणणे त्या काळी परवडणारे नव्हते. मोहिमेची टिकाऊ कमाई म्हणजे ही चित्रेच, असे म्हणता येईल.

युरोपात पोहोचलेल्या या वनस्पतींची स्थिती आजच्या ख्यातीच्या अगदी उलट होती. हॉलंड आणि इंग्लंडच्या ओल्या, गोठवणाऱ्या हिवाळ्यात त्या जगवण्यासाठी काचेची घरे, शेगड्या, कोळसा आणि रात्री उठून तापमान पाहणारे माळी लागत, आणि म्हणूनच त्या बाळगणे हा श्रीमंतीचा व विद्वत्तेचा मानबिंदू झाला. रिचर्ड ब्रॅडली यांनी १७१६ ते १७२७ या काळात केवळ मांसल वनस्पतींना वाहिलेला सचित्र ग्रंथ पाच भागांत काढला. वाळवून कागदावर चिकटवल्यावर या वनस्पती ओळखू येईनाशा होतात, त्यामुळे चित्राला येथे नमुन्याइतकेच मोल होते. योहान याकोब डिलेनियस यांनी १७३२ साली लंडनजवळच्या एल्टमच्या खासगी बागेचे जे मोठे वर्णन छापले, त्यात केपच्या आइस प्लांटना पुष्कळ पाने दिलेली आहेत. पुढे १७७२ साली क्यू येथील राजउद्यानाने आपला पहिला अधिकृत संग्राहक म्हणून फ्रान्सिस मॅसन यांना कॅप्टन कुक यांच्या जहाजातून केपला धाडले आणि आवक आणखी वाढली. शतकाच्या अखेरीस एड्रियन हॅवर्थ यांनी मेसेम्ब्रिएन्थेमम या एका प्रजातीवर, म्हणजे निकटच्या जातींच्या गटावर, स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जाती इतक्या वाढल्या की एका प्रजातीत त्या मावेनात. १९२५ साली क्यूचे एन. ई. ब्राउन यांनी तिचे तुकडे पाडून कार्पोब्रोटस आणि डेलोस्पर्मा या प्रजाती वेगळ्या केल्या, तर केपटाउनमध्ये लुइझा बोलस यांनी शेकडो जातींना नावे दिली. विद्येच्या बाजूने हे सारे वैभवाचे असले तरी बागकामाच्या बाजूने पाहता दीडदोनशे वर्षे आइस प्लांट हा उघड्या जमिनीवर पसरणारा गालिचा नव्हता. तो काचेआडच्या कुंडीतला पाहुणा होता.

उघड्या जमिनीवर आइस प्लांटची मोठी लागवड झाली ती शोभेसाठी नव्हे. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील लान्झारोटे व फ्वेर्तेव्हेन्तुरा या कॅनरी बेटांवर अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत मेसेम्ब्रिएन्थेमम क्रिस्टॅलिनम शेतात पेरून, वाळवून, खड्ड्यात जाळून तिची राख साबण आणि काच बनवणाऱ्यांना विकली जाई. ही वनस्पती जमिनीतील क्षार पानांत ओढून घेते, त्यामुळे तिच्या राखेत सोडा भरपूर असे. मिठापासून कारखान्यात सोडा बनवण्याची ल्यब्लँ यांची पद्धत पसरताच हा धंदा बसला, पण वनस्पती बेटांवर राहिली.

यापुढील कथा घडते ती कॅलिफोर्नियात, आणि ती तेथेच घडावी याला कारण हवामान आहे. केपप्रमाणेच कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पाऊस हिवाळ्यात येतो, उन्हाळा कोरडा असतो आणि समुद्रावरच्या धुक्यामुळे कडक थंडी क्वचितच पडते. केपची वनस्पती येथे आली तेव्हा तिला ऋतू सहा महिने पुढेमागे करण्यापलीकडे काही बदलावे लागले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी रेल्वेमार्गांच्या कडेची माती आणि वाळू धरून ठेवण्यासाठी कार्पोब्रोटस एड्युलिस लावण्यात आली. मोटारींच्या युगात राज्याच्या महामार्ग विभागाने, म्हणजे आज कॅल्ट्रान्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खात्याच्या पूर्वावताराने, हीच पद्धत उचलली. लष्करी तळांच्या परिसरातील वाळूच्या टेकड्यांवरही ती लावली गेली, आणि १९७० च्या दशकापर्यंत चाललेल्या या लागवडीखाली हजारो एकर जमीन आली.

अभियंत्यांना ही वनस्पती का आवडली हे समजणे अवघड नाही. तिच्या प्रत्येक पेराला जमीन लागताच मुळे फुटू शकतात, त्यामुळे बी नको, रोपवाटिका नको. आधीच्या गालिच्यातून फांद्या छाटायच्या आणि नव्या उतारावर खुपसायच्या. एक फांदी वर्षाला मीटरभर सहज पुढे सरकते. खारा वारा, निकस वाळू आणि महिनोन्महिने पाण्याचा अभाव यांपैकी काहीही तिला रोखत नाही, आणि वर पिवळी-गुलाबी फुले येतात, जी ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणाऱ्या प्रवाशालाही दिसतात. रसरशीत पाने सहज पेट घेत नाहीत म्हणून वणव्यांच्या भीतीने ग्रासलेल्या दक्षिण कॅलिफोर्नियात घरांभोवतीच्या उतारांसाठीही तिची शिफारस होऊ लागली. खर्चाच्या वहीत एवढेच रकाने असतील तर निवड बिनचूक होती. पण वहीत नसलेल्या दोन बाबी पुढे समोर आल्या : हिरव्या थराखाली साचत जाणारी वाळकी पाने आगीला आश्रय देतात; आणि मुळे उथळ, तर पाने पाण्याने जड, असे असल्याने तीव्र उतारावर जोराच्या पावसानंतर संपूर्ण गालिचा मातीसकट घसरून खाली येतो. धूप थांबवण्यासाठी लावलेल्या वनस्पतीवर हा आरोप यावा, ही गोष्ट तिच्या पुरस्कर्त्यांना फारशी रुचली नाही.

या इतिहासातील सर्वांत बोलका अध्याय १९७० च्या दशकातला आहे. १९७१ साली नापा येथे आइस प्लांटवर पुल्व्हिनॅरिएला या प्रजातीतील एक खवले कीटक आढळला. फांद्यांना चिकटून रस शोषणारे आणि स्वतःवर मेणाचे वा कापसासारखे आवरण घेणारे हे कीटक असतात. दोन वर्षांत त्याच्या आप्तांतील दुसरी जातीही सापडली. दोन्ही मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या. तेथे त्यांना खाणारे शत्रू होते, येथे नव्हते, त्यामुळे महामार्गांच्या कडेचे पट्टेच्या पट्टे तपकिरी पडू लागले. फवारणी खर्चिक होती आणि एवढ्या लांबीच्या रस्त्यांवर ती पुरी पडणारी नव्हती. अखेर कॅलिफोर्निया विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञांनी दक्षिण आफ्रिकेतून या खवले कीटकांच्या शरीरात अंडी घालणाऱ्या परजीवी गांधीलमाशा आणि त्यांना खाणारे भुंगेरे आणून सोडले. ते स्थिरावले आणि रस्त्याकडेचे आइस प्लांट वाचले. शास्त्र म्हणून हे काम निर्दोष होते. तरीही याच काळात किनाऱ्यावरील परिस्थितिकीचे अभ्यासक त्याच वनस्पतीच्या पसरण्याची चिंता करू लागले होते, म्हणजे एका हाताने जिला सार्वजनिक पैशातून जीवदान मिळत होते तिला दुसऱ्या हाताने उपटण्याची तयारी चालली होती.

भारतात याच्या नेमका उलट प्रकार घडला होता, हे येथे जाता जाता नोंदवले पाहिजे. १७९५ साली लाल रंग देणारा कोशिनील समजून दक्षिण अमेरिकेतून भारतात आणलेला किडा प्रत्यक्षात त्याचा निकृष्ट भाऊबंद निघाला. रंगाचा धंदा उभा राहिला नाही, पण त्या किड्याने फड्या निवडुंगाची एक जाती खाऊन मोठ्या प्रदेशांतून तिचा निःपात केला. दुसऱ्या जातीच्या बंदोबस्तासाठी १९२६ साली दक्षिण भारतात आणखी एक कोशिनील मुद्दाम आणण्यात आला. निवडुंगही कुंपणासाठी, म्हणजे पाणी आणि निगा यांविना उभी राहणारी भिंत म्हणूनच लोकांनी पसरवला होता.

कॅलिफोर्नियातील प्रसाराचे रहस्य पुढे फळात सापडले. आइस प्लांटच्या बहुतेक जातींची फळे कोरड्या कुपीसारखी असतात आणि पावसाचा थेंब पडला की उघडून बिया जवळपास उडवतात. कार्पोब्रोटसचे फळ मात्र मांसल असते व आपोआप उघडत नाही. ते कोणीतरी खावे लागते. केपमध्ये ज्यांनी ते खाल्ले त्यांची जागा कॅलिफोर्नियात हरणांनी आणि सशांनी घेतली, आणि कार्ला डी’अँटोनिओ यांनी १९९० च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की या प्राण्यांच्या पोटातून गेलेल्या बिया अधिक चांगल्या उगवतात. लावलेल्या जागेपासून दूरवरच्या वाळूच्या टेकड्यांवर नवे ठिपके का दिसतात, याचा उलगडा त्यातून झाला. एकाच रोपापासून वाढलेला गालिचा ५० मीटर व्यासाचा झाल्याच्या नोंदी आहेत. तो खालील वाळूत सेंद्रिय द्रव्य साठवतो, तिची आम्लता वाढवतो आणि हलत्या वाळूवरच उगवू शकणाऱ्या स्थानिक वनस्पतींची जागा बंद करतो. मॉन्टेरे परिसरातील मेन्झीस वॉलफ्लॉवर ही पिवळ्या फुलांची दुर्मीळ वनस्पती अशा संकटग्रस्तांपैकी एक. किनाऱ्यावर आधीपासून असलेल्या कार्पोब्रोटस चिलेन्सिस या जातीशी कार्पोब्रोटस एड्युलिसचा संकरही होतो, त्यामुळे काय काढायचे आणि काय ठेवायचे हे ठरवणे आणखी कठीण होते.

मॉन्टेरे द्वीपकल्पावरील पॅसिफिक ग्रोव्ह या छोट्या गावात या इतिहासाच्या दोन्ही बाजू एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर आहेत. हेझ पर्किन्स या निवृत्त भटक्याने १९४३ पासून तेथील खडकाळ किनाऱ्यावरील अंगाला खाज आणणारी विषारी झुडपे काढून ड्रोसॅन्थेमम या प्रजातीतील बारीक पानांची जाती स्वतःच्या हातांनी लावली. वसंतात तेथे सारा किनारा गुलाबी होतो, ते पाहायला पर्यटक येतात आणि नगरपालिका हा गालिचा सांभाळते. जवळच असिलोमारच्या सरकारी किनारा-उद्यानात मात्र १९८० च्या दशकापासून कार्पोब्रोटस काढून टाकण्याचे आणि स्थानिक बियांपासून वाढवलेली रोपे वाळूत लावण्याचे काम चालले आहे. हे काम एका खेपेत संपत नाही. उपटलेल्या फांद्या ओलसर जागी राहिल्या तर पुन्हा मुळे धरतात, जमिनीत राहिलेल्या बिया पुढील वर्षांत उगवत राहतात, आणि पाण्याने भरलेला ढीग इतका जड असतो की तो हलवणे हाच मोठा खर्च ठरतो. भूमध्य समुद्रातील मेनोर्का बेटावर २००२ ते २००५ या काळात सुमारे २३ हेक्टरांवरून जो आइस प्लांट काढला गेला त्याचे वजन ८०० टनांहून अधिक भरले, यावरून कष्टांची कल्पना यावी. पर्किन्स यांच्या बागेला दोष देण्याचे कारण नाही, कारण तेथे रोज कोणीतरी लक्ष ठेवून आहे; फरक जातीचाही आहे, पण त्याहून अधिक तो या लक्षाचा आहे.

दरम्यान बागकामाच्या जगात या कुलाची दुसरी शाखा पुढे आली. १९८१ साली कोलोरॅडोतील डेन्व्हरच्या पाणीपुरवठा खात्याने कमी पाण्याच्या बागेसाठी ‘झेरिस्केप’ हे नाव प्रचारात आणले, आणि त्याच दशकात डेन्व्हर वनस्पती उद्यानातील पानायोटी केलाइडिस यांनी ड्राकेन्सबर्ग व लेसोथो येथील उंच पर्वतांवरच्या डेलोस्पर्मा जातींकडे लक्ष वेधले. या जाती बर्फ सोसतात, केपच्या किनारी जातींप्रमाणे थंडीने मरत नाहीत, आणि पर्वतांवर उन्हाळी पाऊस पडत असल्याने उन्हाळ्यातील अधूनमधूनचे पाणीही त्यांना चालते; फळ मांसल नसल्याने हरीण-सशांच्या पोटातून त्या पसरत नाहीत. कॅलिफोर्नियात दीर्घ अवर्षणानंतर एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी शहरी पाणीवापरात २५ टक्के कपात आणि ५ कोटी चौरस फूट हिरवळीच्या जागी कोरडवाहू लागवड करण्याचा आदेश काढला, तेव्हा रोपवाटिकांतून मागणी वाढली ती डेलोस्पर्मा, सेडम आणि तत्सम लहान मांसल वनस्पतींना. कार्पोब्रोटसला तोवर राज्यातील आक्रमक वनस्पतींच्या सूचीत सर्वोच्च श्रेणी मिळाली होती.

मांसल वनस्पतींची ही वाढती हौस मूळ प्रदेशांना मात्र महाग पडली आहे. कॅलिफोर्नियाच्या किनारी कड्यांवरील डडलेया या स्थानिक प्रजातीची रोपे पूर्व आशियातील हौशी लोकांसाठी चोरून पाठवली जात असल्याचे उघडकीस आल्यानंतर २०२१ साली राज्याने ती उपटण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. दक्षिण आफ्रिकेत २०१९ नंतर चोरीचे प्रमाण फारच वाढले असून कोनोफायटम या आइस प्लांटच्या कुलातील बुटक्या प्रजातीला त्याची सर्वाधिक झळ लागली. पाच वर्षांत दहा लाखांहून अधिक रोपे जप्त झाली. ती नेमकी कोणत्या टेकडीवरून काढली हे सांगता येत नाही आणि वाटेत लागलेले रोग परत रानात जाण्याची भीती असते, म्हणून त्यांना पुन्हा जमिनीत लावता येत नाही. सरकारी वनस्पती उद्यानांतून आच्छादनाखाली, जातवार नोंदी ठेवून आणि पाणी मोजून घालत, ती सांभाळली जातात व तरीही त्यांतील बरीच मरतात.